ओरखड्यांसकट

गाडीतळाच्या मागे आप्पासाहेबांची कांद्याची वखार होती, तिच्यात आता येशूची आई रंगवली जायची. हे म्हणणं आप्पासाहेबांचंच. रान बिल्डरला गेलं, वखार तेवढी राहिली, आणि तीही मुलाने मागून घेतली. दाराशी खुर्ची टाकून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे, "आमच्या रानात ऊस यायचा. आता परदेशी देव येत्यात. पीक झ्याक हाय, पण खाता येत न्हाई."

मुलगा ऋषी. आयटीतली नोकरी सोडून त्याने वेबसाइट काढली होती. पाचशे-सहाशे वर्षांपूर्वी बेल्जियम-हॉलंडकडे लाकडी फळ्यांवर देवादिकांची जी चित्रं काढली गेली, त्यांच्या हाताने रंगवलेल्या हुबेहूब प्रती तो करून द्यायचा. मागणी इंटरनेटवरून यायची आणि फळी कुरिअरने जायची. चित्रकार मिळायला त्रास पडला नाही. गावात फ्लेक्सचे फलक आल्यापासून सिनेमाची पोस्टरं रंगवणारे सगळे घरी बसले होते. भीमराव त्यांतलेच. अलका चौकातल्या नायकांच्या गालांना त्यांनी उभ्या जन्मात बादल्यांनी गुलाबी रंग लावला होता. आता ते एका केसाच्या कुंचल्याने देवदूताच्या पंखातलं पीस रंगवत.

कामाची वाटणी ठरलेली होती. कुणी कपड्यांच्या चुण्या करी, कुणी खिडकीबाहेरचे डोंगर. चेहरे आणि डोळे दुर्गाबाईंचे.

दुर्गाबाईंचं माहेर कुंभारवाड्यातलं, गणपतीच्या कारखान्याचं. परकर-पोलक्यात असल्यापासून त्या वडिलांच्या शेजारी बसून डोळ्यांची आखणी शिकल्या. लग्नानंतर खडकीला ॲम्युनिशन फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये संसार झाला. मालक गेले, तशी क्वार्टर सुटली, आणि त्या मुलीला घेऊन ससाणेनगरात दोन खोल्यांत राहायला आल्या. मुलगी अपेक्षा मगरपट्ट्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला होती. दुर्गाबाई बोलायला मऊ, पण नेमाला कडक. पहाटे दिवा लावून पोथीचा एक अध्याय झाल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नसत. वखारीत आल्यावर चपला दाराबाहेर काढत आणि ज्या फळीवर काम करायचं तिच्यापाशी एक फूल ठेवत.

"बाई, ती त्यांची देवी," भीमराव म्हणायचे. "तिला जास्वंद चालतं का, विचारलंत?"

"फूल कुणाला नको असतं, भीमराव?"

कारखान्यातल्या रीती त्यांनी इथेही सोडल्या नव्हत्या. चेहऱ्यावर शेवटपर्यंत फडकं. डोळे सगळ्यांत शेवटी. बुबुळातला शेवटचा ठिपका ठेवताना आखणी करणाऱ्याने बाजूला सरायचं, हात तेवढा लांब करायचा, आणि समोर आरसा धरायचा. वडील सांगायचे, "पहिली नजर आरशावर. आरसा नसेल तर तांब्यातल्या पाण्यावर. माणसावर नाही." त्या वेळी लहान मुलांना बाहेर अंगणात पिटाळलं जाई. का, ते वडिलांनी कधी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. गॅसवर दूध ठेवलं की तिथून हलायचं नाही, तसंच ते. मालकांचा दाढीचा गोल आरसा दुर्गाबाईंच्या पिशवीत कायम असायचा.

संध्याकाळी काम आवरताना सगळे आपापली रंगाची पाटी सुरीने खरवडत. वाळलेला तैलरंग निघताना बारीक, कोरडा कर्र-कर्र आवाज होई. आप्पासाहेब बाहेरून ओरडत, "उंदरं सुटली का रं?" मग दिवस संपला, असं समजायचं.

ती मागणी दिवाळीनंतर आली. हॉलंडमधल्या कुठल्याशा गावाचं एक म्हातारं जोडपं. चित्र हातभर लांबीचं. एक साधी खोली, बाकापाशी बसून वाचणारी मेरी, लाल वस्त्र, कोनाड्यात टांगलेली पितळी किटली, शेजारी पांढरा पंचा. देवदूत नुकताच आत आलेला. आणि अगदी डाव्या कडेला, उंबऱ्याशी, काळ्या झग्यातली, डोक्याला पांढरा रुमाल बांधलेली एक बाई गुडघे टेकून हात जोडून बसलेली. जिने पैसे देऊन हे चित्र करवून घेतलं, ती.

तिला डोळे नव्हते.

ऋषीने मॉनिटरवर तेवढाच भाग मोठा करून दाखवला. डोळ्यांच्या जागी आडवे-उभे ओरखडे होते, खालचं लाकूड दिसेपर्यंत खोल. "तिकडे एकदा लोकांचा चित्रां-मूर्तींवर राग झाला होता, काकू. चर्चमध्ये घुसून फोडाफोडी केली. तेव्हा कुणीतरी सुरीने खरवडलंय. हे दोघं लहानपणापासून हे चित्र तसंच बघत आले, म्हणून त्यांना तसंच हवंय. ओरखड्यांसकट, असं स्पष्ट लिहिलंय."

"बाकीच्यांचे डोळे?"

"ते खाली झुकलेले आहेत. त्यांचा काही प्रश्न नाही."

दुर्गाबाईंनी पडद्यावरच्या त्या ओरखड्यांवरून बोट फिरवलं. माहेरच्या कारखान्यातून डोळ्यांवाचून मूर्ती कधी उंबऱ्याबाहेर गेली नव्हती.

"ओरखडा डोळ्यावर आलाय ना?" त्या म्हणाल्या. "मग आधी डोळा हवा. डोळाच नसला तर ओरखडा कशावर काढणार? मी आखणी करते. वरून ओरखडे भीमराव काढतील."

हे भीमरावांनाही पटलं. "बरोबर आहे. भिंत न बांधता पोपडे कसे काढणार?"

काम रीतसर चाललं. मेरीचा चेहरा झाला, देवदूताचा झाला. त्या बाईचा चेहरा मागे ठेवला होता. मूळ चित्रात तिची नजर कुठे होती, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कदाचित मेरीकडे असेल, कदाचित जमिनीकडे. दुर्गाबाईंचा हात मात्र एकच नजर जाणत होता. मूर्तीने समोर पाहायचं. दर्शनाला आलेल्याच्या डोळ्याला डोळा भिडायला हवा.

त्या दुपारी भीमराव दुर्गाबाईंचा आरसा घेऊन वखारीच्या दुसऱ्या टोकाला गेले होते. चित्र आरशात उलटं पाहिलं की काढणाऱ्याला स्वतःच्या चुका दिसतात, म्हणून दुसऱ्या एका फळीवरच्या देवदूताचा खांदा ते आरशात तपासत होते. इकडे काळ्या झग्यातल्या बाईचा उजवा डोळा दुर्गाबाईंनी पुरा केला होता. एक डोळा उघडून दुसरा तसाच ठेवत नाहीत, म्हणून त्या आरसा आणायला उठल्या नाहीत. डावं बुबुळ भरलं. आता फक्त ठिपका. त्या सवयीने बाजूला सरल्या, हात लांब केला, आणि "भीमराव, आरसा" असं म्हणायला तोंड उघडलं, तोच कुंचला टेकला.

त्या जिथून सरल्या होत्या, तिथे अपेक्षा वाकून उभी होती.

"आई गं! कसली जिवंत दिसतेय ही!" गळ्यातलं ओळखपत्र फळीला लागू नये म्हणून तिने ते मुठीत धरलं होतं. "आज हाफ डे दिलाय. म्हटलं तुला घेऊनच घरी जाऊ. पण ही माझ्याकडेच बघतेय."

दुर्गाबाईंनी फळीवर फडकं टाकलं. हात कापला नाही. त्यांचा हात कधीच कापत नसे.

घरी गेल्यावर त्यांनी मीठ-मोहऱ्या घेऊन मुलीची दृष्ट काढली. अपेक्षा हसत म्हणाली, "आई, मोहऱ्या जरा जास्त घे. अप्रेझल आहे पुढच्या आठवड्यात."

दुसऱ्या दिवशी भीमराव करड्या रंगाचा बारीक कुंचला आणि सुरी घेऊन फळीपाशी बसले, तेव्हा दुर्गाबाई आडव्या आल्या. आधी स्वतःच ठरवलेलं त्यांनी आज मोडलं. "उघडलेल्या डोळ्यांना पातं लावू देणार नाही मी. नुसता रंगाचा ओरखडासुद्धा नको."

"अहो, तुम्हीच म्हणालात ना?"

"म्हणाले होते."

भीमरावांनी सुरी खाली ठेवली. "ऋषीशेठ, बाईंच्या पुढे माझी सुरी चालत नाही. तुमची चालवा." ऋषीला घाई होती, नाताळाआधी फळी पोचायला हवी होती. त्याने चेहरा पाहिला. डोळे इतके सुरेख उतरले होते की त्याचंही मन झालं नाही. "कळवतो त्यांना, की मूळचं रूप कसं असेल ते आम्ही दाखवलंय," तो म्हणाला. फळी सुकायला भिंतीशी लावली गेली.

त्याच दिवसांत अपेक्षा जेवताना सहज म्हणाली, "भीमरावकाका चहा बशीतून पितात, ना गं? आज ऑफिसात बसल्या बसल्या उगाच डोळ्यांपुढे आले. बशी फुंकत होते. आणि मागे कुणीतरी लाल कपड्याच्या चुण्या रंगवत होतं."

"पाहिलं असशील त्या दिवशी."

"त्या दिवशी ते आरसा घेऊन उभे होते."

दुर्गाबाईंनी तिच्या पानात भाजी वाढली.

फळी बांधायचा दिवस आला. ऋषीने लाकडी खोका आणवला, तळाशी लाकडाचा भुसा पसरला, वर फळी ठेवली, पुन्हा भुसा. झाकणावर पहिला खिळा ठोकला गेला, आणि दुर्गाबाईंचा मोबाइल वाजला.

"आई," अपेक्षाचा आवाज अगदी हळू होता. "मला नीट दिसत नाहीये. डावीकडून अंधार आलाय, कुणी पडदा ओढल्यासारखा. आणि इथे कसला तरी वास येतोय. सुताराकडे येतो, तसा."

ऋषीने दुसरा खिळा हातात घेतला होता. दुर्गाबाई त्याच्याकडे पाहत राहिल्या. काय सांगून थांबवायचं, हे त्यांना सुचलं नाही. सुचेपर्यंत झाकण बसलं होतं, आणि कुरिअरचा माणूस दाराशी आप्पासाहेबांच्या शिव्या खात उभा होता.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. पडदा चांगला, नस चांगली. "तुमच्या पिढीचं सगळं आयुष्य स्क्रीनसमोर," ते म्हणाले. "महिनाभर कॉम्प्युटर बंद. ताण आहे, बाकी काही नाही." थेंब दिले. कंपनीने रजा दिली. अंधार डावीकडून उजवीकडे सरकत गेला. भरदुपारी अपेक्षा भिंत चाचपत मोरीकडे जाऊ लागली. ती रडली नाही. रात्री आईच्या अंगावर हात टाकून निजायची, लहानपणी निजायची तशी, आणि म्हणायची, "आई, हलल्यासारखं वाटतं गं. गाडीत असल्यासारखं."

दुर्गाबाईंनी चतुःशृंगीला चांदीचे डोळे बोलले.

मार्गशीर्ष लागला. एका दुपारी जेवणं झाल्यावर दुर्गाबाई भांडी घासत होत्या, तेव्हा खोलीतून हाक आली.

"आई, उजाडलं!"

त्या खरकट्या हातांनीच धावल्या. अपेक्षा पलंगावर ताठ बसली होती. चेहरा उजळला होता, डोळे टक्क उघडे. दुर्गाबाई तिच्या समोर उभ्या होत्या आणि तिची नजर त्यांच्यातून आरपार जात होती.

"काय दिसतंय, बाळा?"

"खिडकी. उंच आहे, पार खालपर्यंत. बाहेर झाडं आहेत, एकही पान नाही त्यांना. ओला रस्ता. एक माणूस सायकलवरून गेला." ती थांबली. "आई, आपल्याकडे हिरवी खुर्ची कधी आली?"

त्यांच्याकडे खुर्चीच नव्हती.

त्यानंतर अपेक्षाचं सगळं घड्याळ बदललं. सकाळी गल्लीत दूधवाले ओरडत, शाळेच्या रिक्षा जात, तेव्हा तिला मिट्ट काळोख असे. दुपारी कधीतरी तिचं फटफटायचं. इकडे दिवेलागणीला तिकडची दुपार. एक आजी हिरव्या खुर्चीत बसून विणकाम करते, टेबलावर भांडंभर अक्रोड आहेत, एक मांजर खिडकीत झोपतं, आजोबा फायरप्लेसपाशी वाकतात, हे सगळं ती आईला सांगे. आवाजात भीती नसे. पण आईचा चेहरा तिला दिसत नव्हता, घास कुठून येतो ते दिसत नव्हतं, आणि स्वतःचे हात दिसत नव्हते.

चतुःशृंगीच्या पायऱ्या दुर्गाबाईंनी तिला हाताला धरून चढवल्या. पुजाऱ्यांनी चांदीचे डोळे देवीच्या पायाशी ठेवले, कुंकू लावलं. "बघ, देवीकडे बघ," दुर्गाबाई म्हणाल्या. गाभाऱ्यात तेलाचा आणि झेंडूचा वास होता, घंटा वाजत होती.

अपेक्षाने हात जोडले. खूप वेळ तशीच उभी राहिली. मग आईच्या कानाशी येऊन, शेजारच्यांना ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाली, "आई, मला फक्त खुर्ची दिसतेय."

तिथून त्या तशाच कुंभारवाड्यात भावाकडे गेल्या. उत्तरेश्वर वडिलांच्या जागी बसून शाडूची माती तिंबत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. हसला नाही, दचकलाही नाही.

"चुकलेल्या मूर्तीला एकच वाट, ताई. विसर्जन. पाण्यात सोडायची, हळू, तोंड वर ठेवून. फोडायची नाही. खरवडायची तर मुळीच नाही. मूर्ती आहे कुठे?"

"हॉलंडला."

उत्तरेश्वरचे मातीतले हात थांबले. त्याने अपेक्षाकडे पाहिलं, मग पुन्हा माती तिंबायला घेतली. "मागवून घे," तो म्हणाला. "काहीही कर, पण मागवून घे."

दुर्गाबाईंनी वखारीत सगळं सांगितलं. भीमराव म्हणाले, "आयटीवाल्यांचं तसंच, तिकडच्या घड्याळावर जगायचं," आणि म्हणता म्हणताच त्यांचा चेहरा उतरला. ऋषीने गिऱ्हाइकाला पत्र पाठवलं. चित्र कुठे लावलंत, एखादा फोटो पाठवाल का, वेबसाइटवर टाकायचा आहे.

फोटो आला. भिंतीकडून खोलीकडे पाहून काढलेला. उंच खिडकी, बाहेर उघडी झाडं. हिरवी खुर्ची, तिच्यावर अर्धवट विणलेला करडा स्वेटर. टेबलावर अक्रोड. खिडकीत मांजर.

अपेक्षा तो फोटो पाहू शकत नव्हती. दुर्गाबाईंनी पाहिला आणि पदर तोंडाशी धरला. स्वेटर करडा आहे, बाह्या व्हायच्या आहेत, हे त्यांना आदल्या रात्रीपासून ठाऊक होतं.

"खाली मजकूर आहे," ऋषी म्हणाला. त्याने एकदा मनात वाचला, मग सांगू लागला. "म्हणतात, चित्र फार सुंदर आहे. नातवंडांनाही आवडलं. एकच गोष्ट, त्या बाईचे डोळे. आमच्या आठवणीतल्या चित्रात ते नव्हते. बायकोला अवघडल्यासारखं होतं, खोलीत कुठेही बसलं तरी ती बघत असते. पण तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ जुनी चित्रं दुरुस्त करतात. ते गुरुवारी सकाळी येऊन..." तो थांबला.

"वाच."

"येऊन मूळच्यासारखे ओरखडे काढून देणार आहेत."

बाहेर आप्पासाहेब कुणाला तरी उसाबद्दल सांगत होते.

ऋषीने तिथेच बसून उत्तर लिहिलं. चूक आमची आहे, चित्र परत पाठवा, सगळा खर्च आमचा, दुसरं हवं तसं करून देतो. भीमराव म्हणाले, "खरं काय ते लिही, जसंच्या तसं." ऋषीने लिहायला घेतलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. आमच्या एका कारागीर बाईंची मुलगी, एवढंच लिहून झालं. पुढचं वाक्य त्याला कुठल्याच भाषेत जमेना. शेवटी पहिलंच पत्र गेलं.

उत्तर आलं, अतिशय सौजन्याचं. कृपया त्रास घेऊ नका. आम्ही इथेच करून घेऊ.

मग एकही पत्र आलं नाही.

तो मार्गशीर्षातला गुरुवार होता. दुर्गाबाईंनी पहाटे घट मांडला, पाच पत्री वाहिल्या, कहाणी वाचली. उपास होता. अपेक्षाला एकटं ठेवायचा धीर होईना, म्हणून रिक्षाने तिलाही वखारीत आणलं. तिचं अजून उजाडलं नव्हतं. ती आईच्या स्टुलावर बसून राहिली. हात जोडलेले नव्हते, पण मांडीवर एकमेकांत गुंतवलेले होते.

दुपारी ती म्हणाली, "आता दिसतंय. आजी आली."

ऋषीने कुरिअरच्या पावतीवरून नंबर काढून ठेवला होता. त्याने टेबलावरचा फोन पुढे ओढला, स्पीकर लावला, नंबर फिरवला. भीमराव कोपऱ्यात आपली पाटी खरवडत बसले होते. ती वेळ नव्हती, पण त्यांना हाताला काहीतरी हवं होतं.

फोन वाजू लागला.

"आजी उठली," अपेक्षा म्हणाली. "टेबलाकडे निघाली."

"हॅलो?" स्पीकरमधून म्हातारा, मऊ आवाज आला.

ऋषी भराभर इंग्रजीत बोलू लागला. इंडियातून बोलतोय, पुण्याहून, तुमचं चित्र, प्लीज, आजचं काम थांबवा. तिकडून त्यांच्या भाषेत काहीतरी आलं. ऋषी पुन्हा बोलला, सावकाश, एकेक शब्द सुटा करून.

"ती हसतेय," अपेक्षा म्हणाली. "मान हलवतेय."

"नो, थँक यू," आवाज म्हणाला. "वी नीड नथिंग."

"मॅडम, मॅडम, मी काही विकत नाहीये—"

तिकडे दाराची घंटा वाजली. सगळ्यांनी ऐकली.

"आजीने फोन ठेवला. घाईत ठेवला, नीट बसला नाही. दार उघडायला गेली." अपेक्षाचा आवाज तसाच होता, सपाट, रस्त्यावरचं काहीतरी सांगावं तसा. "एक माणूस आलाय. हातात बॅग आहे. टेबलावरचे अक्रोड उचलले. पांढरं कापड पसरतोय."

"हॅलो! प्लीज! स्टॉप!" ऋषी ओरडला.

"त्याने फोनकडे पाहिलं. आजी काहीतरी म्हणाली. दोघं हसले."

दुर्गाबाई मुलीपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"तो माझ्याकडे येतोय. आई—" ती स्टुलावर डोलली. "आई, मला धर."

त्यांनी धरलं.

"छत दिसतंय. पांढरं. मी आडवी आहे."

"नाही, बाळा. तू बसली आहेस. माझ्याजवळ बसली आहेस."

"तो वाकलाय. डोळ्याला भिंग लावलंय. चांगला माणूस दिसतो, आई. हात अगदी स्थिर आहेत. तुझ्यासारखे."

दुर्गाबाईंनी आपला तळवा तिच्या दोन्ही डोळ्यांवर दाबला. पापण्या तळव्याखाली उघड्याच होत्या. त्यांची फडफड हाताला लागत होती.

"हात ठेवलास का गं?"

"हो."

"लागतोय मला," अपेक्षा म्हणाली. "दिसत नाही."

ऋषीने ओरडणं थांबवलं होतं, स्पीकर चालूच होता. वखारीत फक्त तो बारीक, कोरडा कर्र-कर्र आवाज होता. सगळ्यांनी भीमरावांकडे पाहिलं.

भीमरावांनी सुरी पाटीवरून उचलली आणि बाजूला धरली.

आवाज थांबला नाही.